पोकळीचे दप्तर

राजवाडे, देवालये आणि तटबंद्या यांच्या वंशावळी लिहिणारे इतिहासकार पुष्कळ आढळतात. परंतु हे वैभव ज्या दगडांनी उभे राहिले ते दगड काढून नेल्यावर भूमीच्या उदरात जी पोकळी मागे राहिली, तिची कुळकथा लिहिण्याची निकड एखादा रस्ता गडप होईपर्यंत सहसा कोणाला भासत नाही. पॅरिस नगरीचेही असेच झाले. मात्र या नगरीने धक्का खाल्ल्यावर आपल्या पायाखालच्या पोकळीचे रीतसर दप्तर उघडले, आणि ते आजतागायत बंद केलेले नाही.

सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वी जेथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचून घट्ट झालेला चुनखडीचा उत्कृष्ट दगड सीन नदीच्या दक्षिणेस विपुल आहे. रोमन अमदानीत तो टेकड्यांच्या उतारांवर उघड्या खाणी पाडून काढला जाई. पुढे मध्ययुगात, ११६३ च्या सुमारास आरंभ झालेल्या नोत्र-दामसारख्या महामंदिरांनी दगडाची भूक वाढवली, तेव्हा वरची शेते आणि द्राक्षमळे अबाधित ठेवून खालून दगड काढण्याची प्रथा रूढ झाली. प्रथम छताला आधार म्हणून मूळच्या दगडाचेच खांब जागच्या जागी सोडून देत. नंतर तेवढा दगडही वाया जाऊ नये म्हणून सगळा थर काढून घेऊन, रचलेल्या दगडांच्या खांबांवर छत तोलून, कोरड्या भिंतींच्या आड खाणीचाच राडारोडा भरण्याची युक्ती निघाली. नदीच्या उत्तरेस मोंमार्त्रच्या टेकडीतून प्लास्टरसाठी जिप्सम काढीत. तो पाण्यात विरघळतो, म्हणून तेथील पोकळी अधिकच दगाबाज ठरली.

या खाणी खणल्या गेल्या तेव्हा त्या बहुतांशी गावकुसाबाहेर होत्या. पुढे शहर पसरत त्यांच्या माथ्यावर आले, खाणकऱ्यांच्या पिढ्या निघून गेल्या, आणि वर घरे बांधणाऱ्यांना खालची वार्ताच उरली नाही. दरम्यान खाली नाश आपल्या संथ गतीने चालू होता: छताचा एक पापुद्रा सुटून पडतो, त्याच्या वरचा थर निराधार होऊन तोही पडतो, आणि अशा रीतीने घुमटाच्या आकाराची पोकळी वर्षानुवर्षे वर चढत अखेर एके दिवशी भूपृष्ठ गाठते. वरच्या रहिवाशाला अपघात आकस्मिक वाटतो. वस्तुतः त्याची तयारी कित्येक वर्षे आधीपासून झालेली असते.

१७ डिसेंबर १७७४ रोजी दक्षिण पॅरिसमधील र्यू दाँफेर या रस्त्याचा सुमारे ३०० मीटरांचा भाग खचला. चौकशी सुरू झाली, आणि एप्रिल १७७७ मध्ये सोळाव्या लुईच्या सरकारने खाणींच्या तपासणीचे स्वतंत्र खाते स्थापून त्याची मुखत्यारी शार्ल-आक्सेल गियोमो या वास्तुविशारदाकडे सोपवली. गियोमोपुढे अडचण अशी होती की, जमिनीच्या मालकाचा हक्क खालच्या पोकळीपर्यंत पोहोचत असल्यामुळे सरकारी खजिन्यातून सार्वजनिक रस्ते आणि राजाच्या मालकीच्या इमारती यांखालचीच डागडुजी करता येत होती. म्हणून त्याने प्रत्येक रस्त्याच्या बरोबर खाली, त्याच्याच वळणांनी जाणारी भुयारे काढून तेथे आधाराच्या भिंती बांधल्या. भिंतीवर वरच्या रस्त्याचे नाव कोरले जाई, आणि आधाराच्या कामावर त्याचा अनुक्रमांक, तपासनीसाच्या नावाचे आद्याक्षर व वर्ष, जेणेकरून अंधारात उभ्या असलेल्या माणसाला आपण कोणत्या घरांच्या खाली आहोत आणि हे काम कोणाच्या कारकीर्दीत झाले, हे दिव्याच्या उजेडात वाचता यावे. राज्यक्रांतीत तेथील राजचिन्हे छिन्नीने खरवडली गेली आणि खुद्द गियोमोला तुरुंगवास घडला. तथापि सुटकेनंतर तो त्याच कामावर परतला आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यावर राहिला.

याच दुरुस्त केलेल्या खाणींमुळे दुसरा एक प्रश्न सुटला. शहराच्या मध्यभागी असलेल्या साँ-इनोसाँ दफनभूमीत शतकानुशतकांची प्रेते इतकी दाटली होती की, १७८० मध्ये शेजारच्या तळघराची भिंत त्या भाराने फुटली आणि दफनभूमी बंद करावी लागली. १७८६ पासून तेथील अस्थी, आणि पुढे इतर दफनभूमींतल्याही, रात्रीच्या वेळी गाड्यांतून नेऊन खाणींत ठेवण्यात आल्या. आज साठ लक्ष मानल्या जाणाऱ्या मृतांचे ते अस्थिगृह पाहण्यास प्रवासी लोटतात. पण सुमारे तीनशे किलोमीटर भुयारांचा तो अल्पांश होय, आणि उरलेल्या भागात विनापरवाना उतरण्यास १९५५ पासून मनाई आहे.

दप्तर असले म्हणून संकट टळतेच असे नाही. १ जून १९६१ रोजी पॅरिसच्या वेशीलगत क्लामार येथे खडूची जुनी खाण खचून वरची वस्ती कोसळली व २१ माणसे दगावली. आजही खाणींच्या टापूत घर बांधू इच्छिणाऱ्याला त्या जुन्या खात्याचा अभिप्राय घ्यावा लागतो आणि आपल्या जागेखालची पोकळी स्वखर्चाने भरून घ्यावी लागते. दगडाचे मोल खाणकऱ्याला एकदाच मिळाले. तो काढल्याचा खर्च मात्र अडीचशे वर्षे चालू असून, तो भरणारे लोक त्या दगडाचे गिऱ्हाईक कधीच नव्हते.