फन डे, फ्रूट डे, रेड डे : सौदीतल्या आपल्या मुलांच्या ‘बिनअभ्यासाच्या’ दिवसांचा इतिहास



पोस्ट जरा मोठी आहे. सवडीने वाचा, गुरुवारी रात्री मुलं झोपल्यावर वाचलीत तर उत्तम.

दर वर्षी शाळेचं सर्क्युलर आलं की आपल्या ग्रुपवर तोच वाद रंगतो. रेड डेला लाल टी-शर्ट कुठे मिळेल, फ्रूट डेला मुलाला कोणतं फळ करू, आणि मग कुणीतरी लिहितंच, "एवढी फी भरतो ती नाचायला का? त्यापेक्षा मॅथ्सची रिव्हिजन घ्या की!" त्यावर आठ-दहा अंगठे. काही घरांत तर त्या दिवशी मुलाला सरळ घरीच ठेवतात. "आज काही शिकवणार नाहीयेत ना, मग झोपू दे."

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला थोडा इतिहास लागतो. कारण हे दिवस शाळेत आपोआप आलेले नाहीत. आपल्या मुलांपर्यंत ते दोन वाटांनी आले. एक वाट भावनगर, दादर, बोर्डी अशी आली. दुसरी इथलीच, सौदीतली, आणि तिचा बराचसा भाग आपल्या डोळ्यांदेखत घडलाय.

आधी पहिली वाट. आमची धाकटी केजीत असताना फ्रूट डेला चिकू झाली होती. सफरचंद, केळं, आंबा आधीच वर्गात वाटून झाले होते, उरलं ते आम्हाला. खाकी रंगाच्या कार्डबोर्डचा गोळा, त्यावर तिनेच ब्रशने मारलेले फटकारे. वर्गातल्या निम्म्या मुलांना हे फळ माहीत नव्हतं, एकीने तर तिला बटाटा म्हटलं. बाईसाहेबांनी घरी येऊन विचारलं, "आई, चिकू कुठे राहतो?" मी म्हटलं, डहाणूजवळ, घोलवडला. (डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये जीआय टॅगही मिळालाय, ते तिला सांगून उपयोग नव्हता.) आणि घोलवडला लागूनच समुद्रकाठी बोर्डी आहे. आजच्या फन डेची आजी म्हणावी अशी शाळा तिथेच सुरू झाली.

पण तिच्याही आधी भावनगर. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. त्याआधी १९०७ मध्ये पूर्व आफ्रिकेत गेलेले, म्हणजे आपल्यासारखेच पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडलेले गृहस्थ. पुढे स्वतःच्या मुलाला कुठल्या शाळेत घालायचं हा प्रश्न आला तेव्हा ते शिक्षणाकडे वळले. हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला नवा आहे सांगा! १९२० मध्ये त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. तेव्हा शाळा म्हणजे छडी, पाढे आणि पाठांतर. तिथे गोष्टी, नाटक, खेळ, गाणी, हाताने करायची कामं आली. पुढे त्यांनी ‘दिवास्वप्न’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातला कल्पित शिक्षक चौथीचा वर्ग घेतो आणि धडे बाजूला ठेवून गोष्टी अन् खेळांपासून सुरुवात करतो. बाकीचे मास्तर त्याला हसतात. ते मास्तर वाचताना आपला ग्रुप आठवतो, रागावू नका.

ताराबाई मोडक राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य होत्या. चांगली नोकरी सोडून त्या गिजुभाईंबरोबर काम करायला भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. हे सगळं शहरातल्या, शिकल्या-सवरलेल्या घरांतल्या मुलांसाठी होतं, आणि तेच ताराबाईंना खुपत होतं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम जवळच्याच कोसबादच्या टेकडीवर गेलं.

बोर्डीला अडचण अशी की मुलं शाळेत यायचीच नाहीत. घरची कामं, धाकटं भावंडं सांभाळणं, गुरं राखणं. मग शाळाच मुलांकडे गेली. घराच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चरतात तिथे भरली ती कुरणशाळा. परदेशातली महाग साधनं परवडणार नव्हती, म्हणून शंख-शिंपले, पानं, बिया, खडे हेच साहित्य झालं. शिंपले मोजायचे, पानं लहान-मोठी लावायची, गाणी म्हणायची.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बोर्डी-कोसबादला मजा ही अभ्यासातली सुट्टी नव्हती. मजा नसती तर मूल आलंच नसतं, आणि मूल आलं नसतं तर शाळाच नव्हती. आपण जेव्हा म्हणतो ‘आज अभ्यास नाही, फन डे आहे’, तेव्हा त्या दोघींनी एकत्र बांधलेल्या दोन गोष्टी आपण पुन्हा सोडवतो.

बाकीच्या मराठी शाळांनी हे रोजच्या तासात फारसं घेतलं नाही, त्याला वर्षातले ठरावीक दिवस दिले. तुम्हाला आठवतच असतील. श्रावणातलं वनभोजन, स्काउट-गाईडची ‘खरी कमाई’ (आमच्या भेळेत मीठच नव्हतं तरी सगळी खपली), गॅदरिंग, लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, नवरात्रात शाळेच्या मैदानावरचा भोंडला. बाकी वर्षभर दप्तर जडच होत गेलं. इतकं की कादंबरीकार आर. के. नारायण राज्यसभेत गेले तेव्हा त्यांनी मुलांच्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल भाषण केलं. पुढे यशपाल समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९९३ चा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सुचवले आहेत. आणि महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ काढला.

आता हा शनिवार सौदीत आणून बघा! ज्यांना इथे पंधरा-वीस वर्षं झालीत त्यांना हसू येईल. जून २०१३ पर्यंत इथली सुट्टी गुरुवार-शुक्रवार होती. शनिवार म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस, तिकडच्या सोमवारसारखा, डोळे चोळत बसमध्ये चढायचा. राजाज्ञा निघाली आणि त्या महिन्याच्या अखेरीस सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली. तेव्हापासून आठवड्याचा शेवटचा, हलका दिवस गुरुवार. आमच्या मुलांचे बहुतेक सगळे ‘डे’ गुरुवारीच असतात. महाराष्ट्रातली भाचरं शनिवारी मजा करतात तेव्हा आमची मुलं अंथरुणात असतात.

इथल्या भारतीय शाळांचा इतिहास आपल्या इथे येण्याइतकाच जुना आहे. जेद्दाची शाळा १९६९ ची. त्या वेळी भारताचा दूतावासही जेद्दालाच होता. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, कामगार आले, मग इंजिनियर, नर्स, अकाउंटंट कुटुंबासह आले. १९८२ मध्ये रियाध आणि दम्मामच्या शाळा निघाल्या. सगळीकडे सीबीएसई, मुलांचं आवार वेगळं, मुलींचं वेगळं.

माझी एक मैत्रीण नव्वदच्या दशकात इथेच शिकली, आता तिची मुलं इथे शिकतात. ती सांगते, मुलींच्या बाजूला स्पोर्ट्‌स डे असला की बाबांना आत प्रवेश नसे. पण आईला गाडी चालवायची परवानगी नाही, म्हणजे बाबांनी ऑफिसातून निघून यायचं, आईला गेटवर सोडायचं आणि एसी लावून गाडीत पेपर वाचत बसायचं. तिच्या वडिलांनी तिची एकही शर्यत पाहिली नाही. पदक पाहिलं ते गाडीच्या मागच्या सीटवर. फोटोही फारसे नाहीत, कारण आत कॅमेरा न्यायचा नाही.

आपले सण शाळेत साजरे होण्याचा प्रश्नच नव्हता, ते घराच्या दाराआड. म्हणून मला रेड डे, फ्रूट डे, व्हेजिटेबल डे हे इथे विशेष वाटतात. लाल रंग कुणाच्याच धर्माचा नाही, भेंडी कुणाच्याच प्रांताची नाही. मल्याळी, हैदराबादी, बिहारी, तमिळ आणि आमचं एखादं मराठी पोर एकाच रांगेत भाजी होऊन उभी राहतात. आमच्या लेकीच्या शाळेत मराठी विषय नाही, पण तिने वर्गाला ‘चिकू’ हा शब्द शिकवला. तो काय कमी झाला?

इथल्या सरकारी शाळांत तर मुलींना पी.टी.चा तासच नव्हता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा दोन सौदी मुली उतरल्या. २०१३ मध्ये खासगी शाळांना मुलींच्या खेळांची मुभा मिळाली. आणि जुलै २०१७ मध्ये शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की सरकारी शाळांतही मुलींना शारीरिक शिक्षण सुरू होणार. जानेवारी २०१८ मध्ये जेद्दाच्या स्टेडियममध्ये बायका पहिल्यांदा फुटबॉलचा सामना बघायला बसल्या. २४ जून २०१८ पासून गाडी चालवायला मिळाली. माझी धाकटी आता तिसरीत आहे. तिच्या स्पोर्ट्‌स डेला यंदा मी स्वतः गाडी चालवत गेले, नवऱ्याला हाफ डे टाकावा लागला नाही. पोत्यांच्या शर्यतीत ती तिसरी आली. तिसरीला पदक नव्हतं, स्टिकर होता. "आई, मी पडले नाही, पोतं पडलं," असा तिचा अहवाल आहे. तिला हे सगळं नेहमीचंच वाटतं. वाटू दे.

पण त्याच जुलै २०१७ मध्ये दुसरीही एक गोष्ट झाली, ती आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. फॅमिली टॅक्स. अवलंबून असलेल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल, दर वर्षी शंभराने वाढत २०२० ला ४००. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याचे १२००, वर्षाचे १४,४००, इकामा रिन्यू करताना बहुतेकांना एकदम भरायचे. ज्यांना कंपनी देते त्यांचं ठीक. बाकी घरांत रात्री कॅल्क्युलेटर निघाले आणि मार्चमध्ये परीक्षा संपली की एक्झिट लागू लागले. बाबा इथे बॅचलर रूमवर, आई-मुलं पुण्याला, सांगलीला, रत्नागिरीला.

मोठ्याच्या केजी वनचा रेड डेचा फोटो माझ्याकडे आहे. २९ मुलं, सगळी लाल, दोन रडतायत. दोन वर्षांनी पहिली सुरू झाली तेव्हा त्यातली अकराच त्याच्या ओळखीची उरली होती. मुलांना टॅक्स कळत नाही, त्यांना एवढंच कळतं की फॅन्सी ड्रेसला ज्याच्याबरोबर ट्रॅफिक पोलिस झालो तो आता येत नाही.

आणि पहिली सुरू झाली ती एप्रिल २०२० मध्ये. म्हणजे वर्ग नाहीच, लॅपटॉप. इथल्या शाळा ९ मार्च २०२० पासून बंद झाल्या आणि प्राथमिकची मुलं वर्गात परतली ती २३ जानेवारी २०२२ ला. जवळजवळ दोन वर्षं. आमच्या मुलाची अख्खी पहिली आणि दुसरीचा बहुतेक भाग डायनिंग टेबलावर झाला. शिक्षिकांनी जीव तोडून प्रयत्न केले, ते नाकारत नाही. ऑनलाइन यलो डे झाला, फॅन्सी ड्रेस झाला. तो शेतकरी झाला, वर फेटा, खाली हाफ पँट, कारण कॅमेऱ्यात कमरेपर्यंतच दिसतं. बक्षीस मिळालं, पण टाळ्या म्यूटवर होत्या. सिलॅबस मात्र पूर्ण झाला, एकही धडा राहिला नाही! वजाबाकी, ईव्हीएस, सगळं आलं. त्याला येत नव्हतं ते रांगेत उभं राहणं, हरल्यावर न रडणं, दुसऱ्याच्या डब्यातलं विचारून घेणं. परत शाळेत गेला तेव्हा पहिले काही दिवस तो मधल्या सुट्टीत बाकावरच बसून डबा खायचा. त्याला कुणाकडे जावं ते कळत नव्हतं.

महिन्याभरातच २२ फेब्रुवारी आला. त्याच वर्षी सौदीने हा दिवस पहिल्यांदा ‘स्थापना दिवस’ म्हणून जाहीर केला होता, १७२७ सालची आठवण म्हणून. शाळेने पारंपरिक कपड्यांचा दिवस ठेवला. पांढरा थोब घालून गेला आणि घरी आला तो दोन मित्रांची नावं घेऊन. वजाबाकीच्या तासाला ती मिळाली नव्हती.

आपल्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. फन डेचं ओझं आपणही वाढवतो. तयार ड्रेस विकत घ्यायचा, इंटरनेटवरून बारा ओळींचं भाषण पाठ करून घ्यायचं, मुलगा घामाघूम, आई व्हिडिओ काढतेय, बाबा ओठांनी प्रॉम्प्ट करतायत. कोसबादला शिंपल्यांवर जे भागलं ते इथे कार्टन आणि जुन्या ओढणीवर भागतं. वाकडं होतं, बटाट्यासारखं दिसतं, पण त्यांचं असतं.

आता एक विनंती. २०१३ च्या आधीचे, शनिवार शाळेचा असतानाचे, इथल्या भारतीय शाळांतले स्पोर्ट्‌स डे, फॅन्सी ड्रेसचे फोटो कुणाकडे असतील तर खाली टाका. मुलांचे चेहरे झाकून टाकलेत तरी चालेल, साल आणि शहर मात्र लिहा. मुलींच्या बाजूचे असतील तर फारच छान, ते सगळ्यांत कमी आहेत. आणि ज्यांची मुलं २०१७ नंतर गावी परत गेली त्यांनी मला मेसेज करा. त्या २९ जणांच्या फोटोतली दुसऱ्या रांगेतली सात-आठ मुलं कोण ते मोठ्याला आता आठवत नाही, आणि त्याला ती हवी आहेत.