मूळ यंत्र कीं त्याची छाया ?

जुन्या वस्तूंचा इतिहास लिहिणारापुढें एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. मूळ वस्तु काळाच्या ओघांत झिजत जाते आणि तिची नक्कल मात्र सुस्थितींत राहते. अशा वेळीं विश्वास कोणावर ठेवावा? वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून मूळ मोडी कागद आणि त्याची बाळबोध नक्कल यांतील अंतर महाराष्ट्राच्या परिचयाचें आहे. परंतु हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील एका लहानशा यंत्राविषयीं आज तितक्याच तळमळीनें विचारला जातो, ही गोष्ट पुष्कळांस नवी वाटेल. तें यंत्र म्हणजे आज्ञावली साठवून ठेवणारा, अर्थात् प्रोग्रॅमेबल, कॅल्क्युलेटर होय.

या यंत्राचा वंश फार प्राचीन नाहीं. इटलींतील ऑलिव्हेटी कंपनीनें १९६५ सालीं 'प्रोग्राम्मा १०१' हें मेजावर ठेवण्याचें यंत्र न्यूयॉर्क येथें जगापुढें मांडलें. त्याच्या मागोमाग १९६८ सालीं अमेरिकेंतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचें ९१००ए हें यंत्र आलें. हींहि यंत्रें मेजावरचीं. खिशाशीं त्यांचा संबंध नव्हता. १९७२ सालीं त्याच कंपनीनें ३९५ डॉलर किंमतीचा एचपी-३५ हा खिशांत मावणारा शास्त्रीय कॅल्क्युलेटर काढला, आणि तीन शतकें अभियंत्यांची सोबत करणारी सरकपट्टी थोड्याच वर्षांत अडगळींत गेली. दोन वर्षांनीं, १९७४ सालीं, एचपी-६५ अवतरला. त्याची किंमत ७९५ डॉलर होती. त्यांत १०० पायऱ्यांची आज्ञावली लिहितां येई आणि ती बोटभर चुंबकीय पट्टीवर उतरवून जपून ठेवतां येई. तळहाताएवढ्या यंत्रानें आपणांस शिकविलेलें पाठ करावें आणि मागाल तेव्हां म्हणून दाखवावें, हा त्या काळीं केवढा चमत्कार वाटला असेल ! जुलै १९७५ मध्यें अमेरिकन अपोलो आणि रशियन सोयूझ हीं यानें अंतराळांत एकमेकांस भेटलीं, तेव्हां अपोलो यानांतील अंतराळवीरांजवळ मुख्य संगणकाच्या जोडीला राखीव साधन म्हणून हेंच यंत्र होतें.

पुढील प्रगति झपाट्यानें झाली. १९७५ च्या एचपी-२५ मध्यें यंत्र बंद करतांच आज्ञावली पुसली जात असे. १९७६ च्या एचपी-२५सी मध्यें ती टिकून राहूं लागली. १९७७ सालीं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-५९ आला. त्यांत ९६० पायऱ्यांपर्यंत आज्ञावली मावे. १९७९ सालीं आलेला एचपी-४१सी अंकांबरोबर अक्षरेंहि दाखवूं लागला, आणि १९८१ सालीं पहिल्या स्पेस शटलबरोबर तोहि अंतराळांत जाऊन आला. अमेरिकेंत रिचर्ड नेल्सन यांनीं १९७४ सालीं एचपी-६५ वापरणारांचें एक मंडळ स्थापिलें. त्याच्या पत्रकांतून निरनिराळ्या देशांतील सभासद आपापल्या आज्ञावली एकमेकांस कळवीत. कोणी पुलाच्या तुळईचें गणित पाठवी, कोणी ताऱ्यांच्या स्थितीचें, तर कोणी चंद्रावर यान उतरविण्याचा खेळ. एका पिढीच्या बुद्धीचा मोठा ठेवा अशा रीतीनें या पट्ट्यांवर आणि पत्रकांत सांठला.

आज त्या ठेव्याची अवस्था काय आहे ? चुंबकीय पट्टी ओढून घेणारी रबरी चकती चार-पांच दशकांनंतर विरघळून काकवीसारखी चिकट झाली आहे. त्यामुळें यंत्र चालू असूनहि पट्टी वाचली जात नाहीं. जुन्या बॅटऱ्या पाझरून त्यांतील क्षारांनीं तांब्याच्या वाटा खाऊन टाकल्या आहेत. एचपी-२५ च्या कुळांतील यंत्रास बॅटरी निकामी असतां चार्जर जोडला, तर आंतील चिप जळून जाण्याचा संभव असतो. आणि त्या चिपा आतां कोणी बनवीत नाहीं. चकती नवी बसवितां येते, बॅटरी बदलतां येते, परंतु जळलेल्या मूळ चिपेला बहुधा दुसरें मरण पावलेलें यंत्रच दान द्यावें लागतें. अशा प्रत्येक दुरुस्तीनें एक यंत्र वांचतें आणि जगांतील एकूण यंत्रांची संख्या एकानें घटते.

या संकटांतून वाट काढण्यासाठीं सॉफ्टवेअरची योजना पुढें आली. तिचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद नीट ध्यानांत न घेतल्यानेंच पुष्कळसा वाद माजतो. पहिला प्रकार एम्युलेटरचा. यांत मूळ यंत्राच्या चिपेंत कोरलेल्या सूक्ष्म आज्ञा जशाच्या तशा उतरवून घेतात आणि आधुनिक संगणकाकडून त्या एकेक करून पाळवून घेतात. या आज्ञा मिळविण्यासाठीं कोणी यंत्राच्या तारांवर कान ठेवून त्या टिपल्या, कोणी चिप उघडून सूक्ष्मदर्शकाखालीं तिचीं छायाचित्रें घेतलीं. एरिक स्मिथ यांचा 'नॉनपरेल' हा प्रोग्रॅम या जातीचा आहे. दुसरा प्रकार सिम्युलेटरचा. यांत मूळ आज्ञांना हात न लावतां, यंत्राचें बाह्य वर्तन पाहून तसेंच वागणारें नवें काम स्वतंत्रपणें रचतात. थॉमस ओकेन यांचा 'फ्री-४२' हा १९८८ सालच्या एचपी-४२एस या यंत्राचा असा अवतार आहे. एक हस्तलिखिताची अक्षरशः केलेली नक्कल, तर दुसरा त्याच कथेचें नव्यानें केलेलें कथन, असें म्हणतां येईल.

या दोहोंतील फरक एका साध्या प्रयोगानें दिसतो. ९ अंशांचा कोन घ्यावा. त्याचें साइन, त्या उत्तराचें कोसाइन, त्या उत्तराचें टॅन्जंट काढावें, आणि मग उलट क्रमानें परत यावें. आदर्श उत्तर ९ च यावयास हवें. परंतु यंत्र प्रत्येक पायरीवर ठराविक अंकांपुढील भाग टाकून देतें आणि ती बारीक तूट परतीच्या वाटेवर वाढत जाते. एचपी-४१सी हें यंत्र ९·०००४१७४०३ असें उत्तर देतें. एचपी-४२एस ८·९९९९९८६४२६७ असें देतें. मूळ आज्ञांवर चालणारा एम्युलेटर एचपी-४१सी ची ही चूक शेवटच्या अंकापर्यंत तशीच करतो. 'फ्री-४२' च्या दशमान पद्धतीच्या आवृत्तींत मात्र ३४ अंकांपर्यंत हिशेब चालतो. म्हणून त्याचें उत्तर ९ च्या इतकें जवळ येतें कीं नेहमींच्या दर्शनपटावर फरक दिसत नाहीं. गणित करणारास दुसरें उत्तर अधिक उपयोगी आहे, यांत शंका नाहीं. परंतु १९८८ सालच्या अभियंत्यास कोणतें उत्तर दिसलें होतें हें ज्याला जाणून घ्यावयाचें आहे, त्याची या सुधारलेल्या उत्तरानें दिशाभूलच होईल.

इतिहासाच्या दृष्टीनें यंत्राचा दोष हा देखील एक दस्तऐवज असतो. एचपी-३५ च्या आरंभीच्या यंत्रांत २·०२ या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन तो पुन्हा उलटविला असतां २ च उत्तर येत असे. कंपनीनें दोष मान्य करून यंत्रें बदलून देण्याची तयारी दाखविली. एचपी-४१सी मधील कांहीं फटींचा तर वापरणारांनीं असा उपयोग केला कीं निर्मात्यांनीं न शिकविलेल्या आज्ञा त्या यंत्राकडून करवून घेण्याचें एक नवेंच शास्त्र निर्माण झालें. नकलेंत हे दोष सुधारले, तर मनुष्याच्या चातुर्याचा तो सारा अध्यायच नाहींसा होतो.

मूळ यंत्राच्या बाजूनें आणखीहि बोलतां येतें. बोटाखालीं कळ दबल्याची स्पष्ट जाणीव, लाल प्रकाशाचे बारीक अंक आणि विशेषतः उत्तरासाठीं करावी लागणारी प्रतीक्षा, या गोष्टी कांचेच्या पडद्यावर उमटत नाहींत. ज्या यंत्राला एका अवघड गणितास कित्येक मिनिटें लागत, त्याच्यासाठीं आज्ञावली लिहिणारा एकेक पायरी कंजुषाप्रमाणें वांचवी. तेंच गणित क्षणार्धांत उरकणाऱ्या नकलेसमोर बसलेल्या तरुणास ही काटकसर निव्वळ विक्षिप्तपणा वाटते.

उलटपक्षीं, नकलेचे उपकार थोडके नाहींत. मूळ यंत्र संग्राहकाच्या कपाटांत असतें. नक्कल फुकट किंवा अल्प मोलांत कोणाहि विद्यार्थ्याच्या हातीं पडते. जुन्या पत्रकांतील आज्ञावली आज जिवंत होऊन चालतात त्या बहुतांशीं तिच्याच कृपेनें. शिवाय मूळ आणि नक्कल यांमधील भिंतहि आतां पूर्वीसारखी अभेद्य राहिलेली नाहीं. १९८१ सालचा एचपी-१२सी हा हिशेबनिसांचा आवडता कॅल्क्युलेटर पुढेंहि विकला जात राहिला, परंतु त्याच्या अलीकडील आवृत्तींत नवी चिप जुन्या चिपेचें सोंग घेऊन काम करते. २०११ सालीं एचपी-१५सी पुन्हा निघाला, तोहि याच रीतीनें. रूप जुनें, कळा जुन्या, आणि आंत मात्र एम्युलेटर !

मग निवाडा काय करावा ? एकाला निवडून दुसऱ्यास टाकणें हा निवाडा नव्हे. नक्कल खरी कीं खोटी हें ठरविण्याची कसोटी मूळ यंत्रच असतें. तें यंत्र बंद पडलें कीं नकलेवर साक्ष देणारा कोणी उरत नाहीं, आणि तिच्यांतील चूक पुढील पिढीला सत्य म्हणून शिकविली जाते. म्हणून हीं यंत्रें चालतीं आहेत तोंवर त्यांच्या आज्ञा उतरवून घेणें, पट्ट्यांवरील आज्ञावली वाचून ठेवणें, प्रत्येक नक्कल मूळ यंत्राशीं अंकांकडून अंकांपर्यंत ताडून पाहणें आणि कोठें अंतर पडतें तें लिहून ठेवणें, हें काम आधीं झालें पाहिजे. रोजच्या अभ्यासासाठीं मग खुशाल नक्कल वापरावी. त्यानें मूळ यंत्राची झीजहि वांचेल. परंतु ज्याच्या कपाटांत असें एखादें यंत्र धूळ खात पडलें असेल, त्यानें निदान त्यांतील पाझरती बॅटरी आजच काढून ठेवावी.