पोस्ट हटवण्याच्या अधिकाराची कुळकथा

समाजमाध्यमावरची पोस्ट कंपनीने उडवली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: कंपनी मजकूर निवडते म्हणजे ती प्रकाशक झाली, मग प्रत्येक पोस्टची कायदेशीर जबाबदारीही तिनेच घ्यावी. वरकरणी हे बिनतोड वाटते. पण हा अधिकार जन्माला कसा आला ते पाहिले, तर नेमके हेच तत्त्व अमेरिकेत एका न्यायालयाने लावून पाहिले होते आणि वर्षाच्या आत तिथल्या संसदेला ते कायद्याने पुसावे लागले, असे दिसते.

१९९१ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ‘कॉम्प्युसर्व्ह’ या ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीला बदनामीच्या दाव्यातून सोडले. ही कंपनी मजकूर तपासतच नव्हती. तेव्हा तिचे स्थान पुस्तकविक्रेत्याचे, असे न्यायालय म्हणाले. ‘प्रॉडिजी’ या तशाच दुसऱ्या कंपनीची तऱ्हा उलट होती. घरातल्या मुलाबाळांनाही वापरता यावी अशी सेवा म्हणून तिने नियमावली केली, शिव्या गाळणारे सॉफ्टवेअर बसवले, चर्चाफलकांवर देखरेखीला माणसे नेमली. ऑक्टोबर १९९४ मध्ये तिच्या ‘मनी टॉक’ फलकावर कुणा अनामिकाने ‘स्ट्रॅटन ओकमाँट’ या दलाली पेढीवर शेअरविक्रीतल्या फसवणुकीचा आरोप केला. पुढे ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ चित्रपटातून जगाला कळली ती हीच पेढी. तिने २० कोटी डॉलरचा दावा ठोकला आणि १९९५ साली न्यायालयाने निर्णय दिला: प्रॉडिजी नियम लावते, म्हणून ती प्रकाशक. म्हणजे घाण तशीच राहू देणारा सुटला आणि झाडू हाती घेणारा अडकला.

ही विसंगती दूर करण्यासाठी रिपब्लिकन ख्रिस कॉक्स आणि डेमोक्रॅट रॉन वायडन यांनी मिळून जो मसुदा आणला, तोच फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘कलम २३०’ झाला. दुसऱ्याच्या मजकुरासाठी सेवा देणाऱ्याला प्रकाशक मानू नये, हा त्याचा एक भाग. आक्षेपार्ह वाटणारा मजकूर सद्‌हेतूने हटवल्याबद्दल त्याच्यावर दावा लागू नये, हा दुसरा. आणि त्या मजकुराला राज्यघटनेचे संरक्षण असले तरीही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा हे संरक्षण तटस्थ राहण्याच्या अटीवर मिळाले होते, हा समज चुकीचा आहे. ते दिले गेले ते नियम लावता यावेत म्हणूनच. भारताच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनीही स्वतःहून मजकूर हटवल्यामुळे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराच्या जबाबदारीपासूनचे, संरक्षण जात नाही, असे सांगितले आहे.

यावर वजनदार आक्षेप असा की, आज सार्वजनिक चर्चेचा चौकच मोजक्या कंपन्यांच्या मालकीचा झाला आहे. १९४६ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने अलाबामातल्या एका कंपनीच्या मालकीच्या गावात पत्रके वाटण्याचा हक्क मान्य केला होता. तोच न्याय इथे का नको? कारण त्या गावाचे रस्ते कोणाचे बोलणे निवडत नव्हते, मांडत नव्हते. समाजमाध्यम मात्र मजकूर निवडून, क्रम लावूनच उभे राहते. शिवाय संरक्षण काढले तर दाव्यांच्या धास्तीने कंपन्या आणखी उडवतील, आणि त्याचा पहिला फटका स्ट्रॅटनसारख्या पेढीवर बोट ठेवणाऱ्यालाच बसेल.

तरीही वापरकर्त्याची तक्रार खरी आहे. १९९६ च्या कायद्याने कंपनीला ढाल दिली. ज्याची पोस्ट गेली त्याला ना कारण कळण्याचा हक्क दिला, ना दाद मागण्याचा. भारताने कारण कळवण्याचे बंधन मोठ्या कंपन्यांवर घातले, २०२२ मध्ये अपील समित्याही आणल्या, पण त्या नेमते केंद्र सरकार. सरकारवर टीका करणाऱ्याने दाद सरकारनियुक्त समितीकडेच मागायची, हे पटणारे नाही. म्हणून कंपनीचा नियम लावण्याचा हक्क काढून घेण्यात आपली शक्ती दवडू नये. कोणता नियम मोडला ते लेखी सांगा, उत्तर द्यायला संधी द्या आणि कंपनी व सरकार दोघांपासून स्वतंत्र असलेल्या यंत्रणेपुढे अपील ठेवा, हा आग्रह आपण धरला पाहिजे.