शिट्टी कोणाच्या बाजूची?

गेल्या पावसाळ्यात आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेत आमच्या शाळेची मुले उपांत्य सामन्यात हरली. परतीच्या एस.टी.त बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमचा आठवीतला गोलकीपर खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "सर, अपन छोटे स्कूल के हैं ना, इसलिए सीटी उनकी तरफ से बजी." पंच यजमान शाळेशी संबंधित होते, हे खरे होते. पण म्हणून निकाल त्यांनीच फिरवला, असे म्हणायला आमच्याजवळ आधार नव्हता.

अशा वेळी दोन उत्तरे अगदी तयार असतात. 'हरलो तर हरलो, रडगाणे नको' हे पहिले. 'हो बेटा, आपल्यावर नेहमी असाच अन्याय होतो' हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे आमच्या वस्तीत, सभांत आणि चहाच्या टपरीवर आम्ही रोज ऐकतो, आणि ती फक्त फुटबॉलबद्दल नसतात. पहिल्या उत्तराने खरा अन्याय झाकला जातो. दुसऱ्याने आपल्या चुका झाकल्या जातात. त्या दिवशी आम्ही गप्प राहिलो. पण मुलाचा प्रश्न मनातून गेला नाही, म्हणून इतिहासाकडे वळलो.

मोठ्या संघाला पंच झुकते माप देतात का, हा प्रश्न आपल्या देशात सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेने विचारला गेला तो कलकत्त्याच्या मैदानावर. तिथे इंडियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आय.एफ.ए., 1893 साली स्थापन झाली. 1898 साली कलकत्ता लीग सुरू झाली. मोठे क्लब म्हणजे गोऱ्यांचे क्लब आणि पलटणींचे संघ. संघटना त्यांच्या हातात, मैदाने त्यांची, आणि शिट्टीही बहुधा त्यांच्याच माणसाच्या तोंडात. लीगमध्ये हिंदी संघांना सुरुवातीला प्रवेशच नव्हता. मोहन बागान आणि आर्यन्स यांना 1914 साली दुसऱ्या विभागात जागा मिळाली. पुढे पहिल्या विभागाचे दार उघडले, पण तिथे दोनपेक्षा अधिक हिंदी संघ घ्यायचे नाहीत, असा दंडक होता. 1924 साली ईस्ट बंगालने दुसऱ्या विभागात पहिल्या विभागाची लायकी सिद्ध केली, तेव्हा हाच दंडक आडवा आला. त्यावर वाद झाला, दंडक गेला आणि 1925 साली ईस्ट बंगाल पहिल्या विभागात खेळले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इथे पक्षपात शिट्टी वाजण्याच्या कितीतरी आधी नियमात लिहिलेला होता. मैदानावर पाऊलच ठेवू दिले नाही, तर पंचाने अन्याय करायचा तरी कोणावर?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 29 जुलै 1911 रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. पंच इंग्रज होता, प्रतिस्पर्धी इंग्रज पलटण होती, आणि पिछाडीवरून केलेले शिवदास भादुरी व अभिलाष घोष यांचे दोन्ही गोल त्याच पंचाने दिले. तेव्हा 'गोरा पंच म्हणजे बेइमान' असे सरसकट म्हणता येत नाही. पण याच मोहन बागानचा भक्कम बचावपटू गोष्ठ पाल याने कारकिर्दीच्या अखेरीस कलकत्ता क्लबविरुद्धच्या एका सामन्यात पंचाच्या निर्णयांना कंटाळून सहकाऱ्यांसह मैदानावर आडवे पडून निषेध केला, ही हकिकत बंगालमध्ये आजही सांगितली जाते. एकाच क्लबच्या इतिहासात हे दोन्ही प्रसंग आहेत. दोन्ही लक्षात ठेवणे म्हणजे इन्साफ.

आता आपल्या बुजुर्गांच्या आवडत्या क्लबकडे येऊ. मोहमेडन स्पोर्टिंगची स्थापना 1891 सालची. चाळीस वर्षे हा क्लब धडपडत होता. 1934 साली तो पहिल्या विभागात आला आणि पहिल्याच वर्षी लीग जिंकला. त्याआधी एकाही हिंदी संघाला हे साधले नव्हते. मग 1935, 1936, 1937 आणि 1938, अशी सलग पाच वर्षे. 1936 साली लीगबरोबर शील्डही. क्लबच्या कारभाऱ्यांनी बंगालबाहेरूनही खेळाडू जमवले. ओल्या मैदानावर बूट घालून खेळण्याची तयारी करून घेतली. अनवाणी पायांचा अभिमान बाजूला ठेवून चिखलाचा विचार केला. काझी नजरुल इस्लाम यांनी या विजयांवर कविता लिहिली. याच संघातला मोहम्मद सलीम 1936 साली स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून अनवाणी खेळला आणि तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतले.

या यशाची दुसरी बाजू आमच्या घरांत सहसा सांगितली जात नाही. पाच वर्षांत मोहमेडन स्पोर्टिंग स्वतःच मोठा क्लब झाला होता. 1937 साली बंगालमध्ये फजलुल हक यांचे मंत्रिमंडळ आले. त्यातले गृहमंत्री ख्वाजा नाझिमुद्दीन यांचा या क्लबशी निकटचा संबंध होता. ज्या क्लबची पाठराखण मंत्री करतात, ज्याच्या सामन्याला हजारोंची गर्दी लोटते, त्याच्याकडे इतर क्लबांनी संशयाने पाहिले नसेल तरच नवल. छोटा असताना ज्याला पंचांची भीती वाटते, त्याच्याच गर्दीची मोठेपणी पंचांना भीती वाटू लागते. हे मान्य करायला आम्हाला जड जाते, पण मान्य केले पाहिजे.

आणि तरीही 1939 साली याच क्लबला फिर्यादी व्हावे लागले. आय.एफ.ए.चा कारभार आणि पंचगिरी यांत पक्षपात होतो, असे म्हणत मोहमेडन स्पोर्टिंगने लीगमधून अंग काढून घेतले. त्या वेळी त्यांच्या बाजूला कोण होते? ईस्ट बंगाल आणि कालीघाट. दोन्ही हिंदू बहुसंख्येचे क्लब. या क्लबांनी मिळून बंगाल फुटबॉल असोसिएशन नावाची वेगळी चूलही मांडली. त्या वर्षी मोहन बागानने आपली पहिली लीग जिंकली.

1939 हे साल देशात कसे होते, हे वाचकांना सांगायला नको. हिंदू-मुसलमानांमधली दरी रुंदावत होती आणि फुटबॉलच्या मैदानावरही तिची सावली होती. अशा वेळी मुसलमानांचा क्लब आणि पूर्व बंगालच्या हिंदूंचा क्लब एकाच तक्रारीसाठी एका बाजूला उभे राहिले. तक्रार धर्माची नव्हती, कारभाराची होती. सामने कोणी लावायचे, पंच कोणी नेमायचे, दाद कोणाकडे मागायची, हे प्रश्न होते. आमच्या मते त्या काळातली ही मोलाची घटना आहे आणि ती आपण जवळजवळ विसरलो आहोत. पुढल्या वर्षी मोहमेडन स्पोर्टिंग लीगमध्ये परतला आणि पुन्हा जिंकला.

त्याच 1940 साली मुंबईत रोव्हर्स चषक मोहमेडन स्पोर्टिंगने पटकावला, अंतिम सामन्यात बंगलोर मुस्लिम्सना हरवून. रोव्हर्स 1891 पासूनची स्पर्धा, आणि ती जिंकणारा पहिला हिंदी संघ म्हणजे हेच बंगलोर मुस्लिम्स, 1937 साली. मग डिसेंबरमध्ये दिल्लीत ड्युरँड चषक. 1888 पासून सिमल्यात चालणारी ही स्पर्धा म्हणजे लष्कराचे घरचे अंगण. 12 डिसेंबर 1940 रोजी आयर्विन अँफिथिएटरवर मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवले. गोल हाफिज रशीद आणि साबू यांचे. त्या सामन्याचे पंच होते कॅप्टन हरनाम सिंग. ड्युरँडच्या अंतिम सामन्यात शिट्टी हाती आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. आता त्यांना कोणाच्या बाजूचे म्हणायचे? वर्दी पाहिली तर लष्कराचे, कातडी पाहिली तर हिंदी, धर्म पाहिला तर दोन्हींपैकी कोणाचेच नाहीत. पंचाला त्याच्या जातीधर्मावरून ओळखायला गेलो, की असा गोंधळ उडतो.

हे झाले जुन्या काळाचे. अलीकडे अभ्यासकांनी हा प्रश्न मोजून पाहिला आहे. स्पेनच्या लीगमधल्या जादा वेळेवरचे एक संशोधन 2005 साली प्रसिद्ध झाले. यजमान संघ एका गोलने मागे असेल तर पंच जादा वेळ लांबवतात आणि पुढे असेल तर आखडता घेतात, असे त्यात आढळले. त्याआधी 2002 साली इंग्लंडमध्ये चाळीस पंचांना एकाच सामन्याची चित्रफीत दाखवली गेली, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाउल दिले. हे पंच लाचखाऊ नव्हते. कानावर पडणारा गलका त्यांच्या डोळ्यांत उतरला होता. करोनाच्या काळात 2020 साली रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघांना पिवळी कार्डे दाखवण्याचे जास्तीचे प्रमाण बरेच उतरले, असेही दिसून आले. मोठ्या क्लबजवळ मोठा गलका असतो, हे वेगळे सांगायला नको.

बेइमानीची उदाहरणेही आहेत, पण ती आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळी निघतात. 2006 साली इटलीत फोनवरची संभाषणे बाहेर आली. युव्हेंटस या बलाढ्य क्लबचे पदाधिकारी पंचांच्या नेमणुका करणाऱ्यांशी संधान बांधून होते. मैदानात जाऊन कोणाला पैसे चारण्याची गरजच नव्हती. कोणत्या सामन्याला कोणता पंच, एवढे हाती असले की पुरे. युव्हेंटसचे विजेतेपद काढून घेतले आणि त्यांना दुसऱ्या श्रेणीत ढकलले. उलट, जर्मनीत रॉबर्ट होयझर नावाचा पंच खरोखर विकला गेला होता, तो सट्टेवाल्यांना. 2004 साली त्याच्या शिट्टीने पाडरबोर्न हा चिमुकला संघ हॅम्बुर्गसारख्या मातब्बर क्लबवर जिंकला. म्हणजे विकत घेतलेली शिट्टी लहानाच्या बाजूनेही वाजू शकते. तिला मोठेपणाशी नव्हे, पैशाशी मतलब.

आणि शिट्टीच्या नंतरचा पक्षपात? 9 डिसेंबर 2012 रोजी कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. पंचाने बागानच्या ओडाफा ओकोली याला लाल कार्ड दाखवले. गॅलरीतून आलेल्या दगडाने बागानचाच रहीम नबी जखमी झाला. मध्यंतरानंतर बागान मैदानात उतरलाच नाही. नियमाप्रमाणे राष्ट्रीय लीगमधून दोन वर्षांहून अधिक काळासाठी बंदी आली. जानेवारी 2013 मध्ये ती उठली. त्याऐवजी दोन कोटी रुपये दंड झाला आणि तोवरचे गुण शून्यावर आणले गेले. शिक्षा हलकी नव्हती. पण एखाद्या लहान गावच्या क्लबने असे केले असते तर महिनाभरात फेरविचार झाला असता का, असा प्रश्न पडतो.

तंट्याला अंत नसला तर काय होते, हेही कोलकात्याने पाहिले आहे. 16 ऑगस्ट 1980 रोजी याच दोन क्लबांच्या सामन्यात ईडन गार्डन्सवर दोन खेळाडूंना बाहेर काढले गेले, गॅलरीत दंगल उसळली आणि 16 प्रेक्षकांचे प्राण गेले. ती पोरे कोणत्या बाजूची होती, हे आज कोण विचारतो?

तेव्हा आमच्या गोलकीपरला काय सांगायचे? मोठ्याला झुकते माप मिळते, हे खरे आहे. पण ते बहुतेक वेळा शिट्टीत नसते. ते आधी नियमात असते, मग पंच नेमणाऱ्याच्या कचेरीत, मग गर्दीच्या आवाजात, आणि शेवटी शिक्षा देताना. पंच स्वतः बेइमान निघणे हे सर्वांत दुर्मीळ, आणि आपण मात्र सर्वांत आधी त्यालाच धरतो. म्हणून 1939 च्या क्लबांची तक्रार आम्हाला महत्त्वाची वाटते. कारभारावर त्यांनी बोट ठेवले, आणि पुढल्या वर्षी पुन्हा खेळायला उभे राहिले. मोहमेडन स्पोर्टिंग आजही खेळतो आहे. 1981 नंतर तब्बल चाळीस वर्षांनी, 2021 साली, त्याने पुन्हा कलकत्ता लीग जिंकली आणि 2024 साली आय-लीग.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना फळ्यासमोर बसवले. ज्या निर्णयांबद्दल तक्रार आहे ते एकेक लिहायला सांगितले: कितव्या मिनिटाला, चेंडू कुठे, पंच कुठे उभे. सहा निर्णय निघाले. त्यांतले तीन मुलांनी स्वतःच खोडले. एकावर त्यांचेच एकमत होईना. दोन उरले. मग गोलकीपरने उठून सांगितले की तिसरा गोल त्याच्या हातून सुटला होता, त्यात पंचांचा काही दोष नव्हता. हे त्याला कोणी विचारले नव्हते.

त्यानंतर मुलांनी आमच्या मदतीने आयोजकांना एक अर्ज लिहिला. त्यात कोणावर आरोप नाही. पुढल्या वर्षीपासून पंच यजमान शाळेशी संबंधित नसावा, एवढीच विनंती आहे, आणि आमच्या शाळेत सामने भरतील तेव्हाही हाच नियम असावा, असे शेवटच्या ओळीत लिहिले आहे. ती ओळ मुलांनी सुचवली. अर्जाला उत्तर अजून आलेले नाही. स्मरणपत्र कधी पाठवायचे, हे ती आम्हाला दर आठवड्याला विचारतात.