पटाईत होण्याचा इतिहास

मराठी माणसाच्या घरी तीन गोष्टी हमखास निघतात: एक लोणच्याची बरणी, एक जुनं पंचांग आणि 'आमच्या पणजोबांकडे तलवार होती' ही हकीकत. पहिल्या दोन दाखवता येतात. तिसरी फक्त ऐकायची असते.

आमच्या अलिबागेकडे तर या हकीकतीला समुद्राचं खारं पाणी लागलेलं आहे. इथं दर दुसऱ्या घरातले खापरपणजोबा कान्होजी आंग्र्यांच्या पदरी होते. पदरी म्हणजे नेमके कुठे, हे पाहुण्याने विचारू नये. गुराबेवर चढून फिरंग्याशी दोन हात करणारा जसा आरमारातला, तसा खंडाळीने नारळ मोजून वहीत मांडणाराही आरमारातलाच. त्या माणसाची तलवार कुठे गेली, एवढं मात्र विचारायला हरकत नाही. उत्तरं ठरलेली असतात. एक तर ती विहिरीत टाकली, नाही तर सरकारजमा झाली, नाही तर धाकट्या काकांनी मोडून तिचे कोयते करून घेतले.

गंमत म्हणजे ही तिन्ही उत्तरं खरी असू शकतात, आणि त्यांना एक साल आहे: 1878. त्या साली लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हा गुन्हा ठरला. त्याच लिटनसाहेबांनी त्याच साली देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना वेसण घालणाराही कायदा केला. म्हणजे एका वर्षात साहेबाने आमची तलवारही धरली आणि लेखणीही धरली. लेखणी रिपनसाहेबांनी 1882 साली परत केली, आणि मराठी माणूस तेव्हापासून जो लिहीत सुटला आहे तो अजून थांबलेला नाही. तलवारीचा कायदा मात्र इंग्रज गेल्यावरही उरला. 1959 साली आपणच नवा केला, पण परवाना काही सुटला नाही.

तर सांगायचं काय, पातं गेलं. पण ते फिरवणारा हात खांद्याला तसाच लटकत राहिला. त्या हाताला काम हवं होतं. ते काठीने दिलं. काठीला परवाना लावायचा तर साहेबाला देशातले सगळे गुराखी, सगळे म्हातारे आणि सगळे शाळामास्तर निःशस्त्र करावे लागले असते. एवढं मनुष्यबळ राणीच्या सरकारकडेही नव्हतं.

काठी शिकवायला तालमी आधीपासून होत्याच. 'तालीम' हा शब्द अरबीतला, त्याचा अर्थ शिक्षण; आणि 'वस्ताद' म्हणजे फारसीतला उस्ताद. म्हणजे विद्या अस्सल देशी आणि शाळेचं व मास्तरांचं नाव बाहेरचं. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी साळवे यांची तालीम होती. तिथे दांडपट्टा शिकायला येणाऱ्यांत जोतीराव फुले होते, आणि पुढे वासुदेव बळवंत फडके होते. हे फडके आमच्याच जिल्ह्यातले, पनवेलजवळच्या शिरढोणचे. जन्म 1845 चा. पुण्यात सरकारी कचेरीत कारकुनी करत होते. मीही एकतीस वर्षं कारकुनी केली, म्हणून हा तपशील मला फार जवळचा वाटतो. फरक एवढाच की फडक्यांनी 1879 साली, म्हणजे हत्यारांचा कायदा होऊन वर्ष सरतं न सरतं तोच, इंग्रजाविरुद्ध बंड उभारलं. आणि मी रजेचा अर्ज वरच्या साहेबाकडे स्वतः नेऊन देण्यापलीकडे काही उभारलं नाही. फडके 1883 साली एडनच्या तुरुंगात वारले. लहुजी वस्ताद त्याआधी दोन वर्षं गेले होते.

पुढे 1893 मध्ये सार्वजनिक गणपती आला. 1896 मध्ये टिळकांनी रायगडावर शिवजयंतीचा उत्सव केला. उत्सव म्हटला की मिरवणूक आली आणि मिरवणुकीपुढे काठी फिरवणारी पोरं आली. मग आखाडे निघाले, व्यायामशाळा निघाल्या. अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी 1924 साली महाराष्ट्र मंडळ काढलं. अमरावतीची मंडळी तर 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी थेट बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आली. कोल्हापुरात पेठापेठांनी मर्दानी खेळांचा घोष जागता ठेवला. या साऱ्यांत मुद्दा एकच ध्यानात घेण्यासारखा आहे: हे कुठल्या सैन्याने केलं नाही. हे संध्याकाळी दिवेलागणीला, पोटाचे उद्योग आटोपून, वर्गणी काढून, हौशी माणसांनी केलं. ज्याला आपण पराक्रमाचा वारसा म्हणतो, तो शंभर-सव्वाशे वर्षं या खासगी हौसेच्या खांद्यावर बसून आलेला आहे.

आता मूळ दांडपट्ट्याकडे वळू. ज्यांनी तो फक्त चित्रात पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. तीन-चार फुटांचं सरळ, लवचीक, दोन्हीकडून धारेचं पातं आणि मुठीच्या जागी कोपराकडे जाणारी लोखंडी खोळ. खोळीत हात घालून आतली आडवी दांडी मुठीत धरायची. एकदा हात आत गेला की मनगट संपलं! तलवारीला मनगट वळवता येतं, पट्ट्याला येत नाही. वार करायचा तो खांद्याने, कमरेने आणि पावलांनी. म्हणून पट्टेकरी उभा राहून लढत नाही. तो गिरक्या घेतो, उड्या मारतो, आणि पातं सतत फिरतं ठेवतो. पातं थांबलं की पट्टा म्हणजे हाताला बांधलेलं ओझं. फिरत असेल तोवर चार माणसं लांब उभी राहतात.

या शस्त्राने आपल्या भाषेवर जेवढे वार केले तेवढे शत्रूवरही केले नसतील. 'पटाईत' हा शब्दच मुळात पट्टा चालवण्यात तरबेज माणसाचा. आज थापा मारण्यात, उधारी बुडवण्यात आणि लोकांच्या गाडीत जागा मिळवण्यात माणसं पटाईत असतात. 'पवित्रा' म्हणजे खेळाडूने घ्यायची पावलांची ठेवण. तो आता फक्त पुढारी घेतात. आणि जिभेचा दांडपट्टा! तो फिरवायला ना परवाना लागतो ना वस्ताद. आमच्या घरी त्याची तालीम पहाटे दूधवाला आल्यापासून सुरू होते, आणि मी चहाची कपबशी ढालीसारखी धरून पडवीत बसतो.

इतिहासाचा विनोद मात्र आपल्या विनोदापेक्षा नेहमी एक पाऊल पुढे असतो. महाराष्ट्र शासनाने 19 फेब्रुवारी 2024 रोजी, शिवजयंतीला, दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. छान झालं. पण या शस्त्राची सर्वांत प्रसिद्ध कथा कोणती? 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाचा पायथा. अफझलखान पडला, आणि सय्यद बंडा पट्टा उगारून महाराजांवर धावला. जिवा महालाने त्याचा हात वरच्या वरच तोडला. म्हणजे आपल्या राज्यशस्त्राचा सर्वांत गाजलेला वार महाराजांवरच उगारलेला आहे! शस्त्राला पक्ष नसतो, हे यापेक्षा नेमकं कुणाला सांगता येणार?

दुसरी गोष्ट पात्याची. मराठे ज्या तलवारीला 'फिरंग' म्हणत, तिचं नावच तिची जात सांगतं. चांगली पाती युरोपातून यायची, पार जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या गावांतून. पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर बंदरं धरून ठेवली होती, त्या वाटेने ती इकडे उतरत. पट्ट्यालाही अशी पाती बसवलेली सापडतात. मूठ इथली, पातं तिकडचं, आणि गिरकी पुन्हा इथली. पोर्तुगीज आमच्या शेजारच्या रेवदंड्यात 1740 पर्यंत होते. त्यांचं पातं त्यांच्यावरच फिरवण्यात जी मजा असेल ती वेगळीच.

हे सगळं मला कुणी शिकवलं? पुस्तकांनी थोडं, आणि बाकी आमच्या संध्याकाळच्या मंडळाने. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात. मी संध्याकाळी काठी फिरवायला गेलो. देवळामागे, सुरूच्या झाडांपलीकडे, ओहोटीची वाळू घट्ट असते तिथे सात-साडेसातपर्यंत खेळ चालतो. मंडळात एक शिंपी आहे, एक रिक्षावाला, एक दातांचे डॉक्टर, मासळी बाजारात बसणाऱ्या एका बाईंची दोन पोरं, आणि कॉलेजातल्या पाच मुली. वस्ताद कोळीवाड्यातले. उभा जन्म होडीवर काढलेला. वय विचारलं की म्हणतात, "मोजतोय कोन?"

पहिल्या दिवशी मी वही-पेन घेऊन गेलो. वस्तादांनी वही हातातून घेतली, रुमालात गुंडाळली आणि म्हणाले, "साहेब, काठी लिवायची नाय, फिरवायची हाय."

शिकण्याला क्रम आहे. आधी काठी. काठी भरीव बांबूची, आपल्या कानापर्यंत उंच, महिन्यातून एकदा तेल पाजलेली. ती आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी. पुढून, पाठीमागून, डोक्यावरून. मग दोन काठ्या. मग बनेटी, म्हणजे दोन्ही टोकांना गोळे बसवलेली काठी. रात्रीच्या खेळाला त्याच टोकांना पलिते लावतात. मग फरी-गदगा: डाव्या हातात छोटी ढाल, उजव्या हातात चामड्याने मढवलेला सोटा. या सगळ्यांतून पार पडल्यावर पट्टा, तोही बोथट पात्याचा. सहा महिने झाले, मी अजून एका काठीवर आहे. त्याबद्दल मंडळात मला मान आहे, कारण माझ्या वयाचा दुसरा कुणी नाही.

या मंडळाची घडण पाहण्यासारखी आहे. शिंपी फरीला गादी शिवून देतो आणि पैसे घेत नाही. डॉक्टर दात सोडून बाकी सगळ्या अवयवांचे इलाज करतात. गणपतीत तालुक्याला जायचं तर रिक्षावाला काठ्या टपावर बांधून तीन खेपा करतो. नव्या पोराची काठी वाळूत पडली की कुणी हसत नाही. शेजारचा स्वतःचा खेळ थांबवून त्याचा अंगठा कुठे हवा ते दाखवतो आणि पुन्हा आपल्या जागी जातो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला असं ऑफिस मिळालं नाही.

पण एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात रायगड आहे, आणि आमच्या थळसमोरचा खांदेरीही आहे. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. वस्तादांनी पेढा खाल्ला, खांदेरीच्या दिशेला पाहिलं आणि म्हणाले, "ती कुठं जाते? दगडाची हाय." मग उगाच हात झटकल्यासारखा केला.

मला अर्थ उशिरा लागला. किल्ल्याकडे शंभर वर्षं कुणी फिरकलं नाही, रान माजलं, तरी तो उभा असतो. नंतर येऊन झाडोरा काढता येतो. दांडपट्टा एक पिढी कुणी फिरवला नाही, तर संग्रहालयात लोखंड उरतं आणि पट्टा नाहीसा होतो. वस्तादांना चौघांनी घेरल्यावर खेळायचे काही हात येतात, ते मंडळात दुसऱ्या कुणालाही पुरते येत नाहीत. ते त्यांना त्यांच्या वस्तादांनी दिले, त्या वस्तादांना त्यांच्या वस्तादांनी. ही साखळी 1878 च्या कायद्याने तुटली नाही. ती तुटली तर एखाद्या साध्या पावसाळ्यात तुटेल, आणि वर्तमानपत्रात ओळही येणार नाही.

म्हणून सध्या मंडळात एक घाई आहे. कॉलेजातल्या मुलींपैकी एक, सगळ्यांत बारीक, रोज खेळ संपल्यावर अर्धा तास जास्त थांबते. वस्ताद खुर्चीवर बसून तोंडाने बोल सांगतात आणि ती पट्टा घालून गिरकी घेते. गिरकी चुकली की ते "पाय!" एवढंच म्हणतात. हात बघतच नाहीत. त्या हातांपैकी तिला आता अर्धेअधिक आले आहेत, असं ते ती घरी गेल्यावर सांगतात, तिच्यासमोर म्हणतात, "काय नाय येत."

माझी वही वस्तादांनी मागच्या महिन्यात आपणहून परत आणून दिली. "तुमी लिवा," म्हणाले, "पोरगी फिरवील." तेव्हापासून मी वाळूत बसून पावलं मोजतो: उजवा पुढे, डावा मागे, गिरकी, बैठक, उडी. एकतीस वर्षांची कारकुनी अखेर आरमाराच्या कामी आली.

आपल्यापैकी कुणाला यायचं असेल तर संध्याकाळी सहाला या. भरती-ओहोटी पाहून या, फी नाही. काठी मात्र आपापली आणावी; कानापर्यंत.