गिधाडं कुठे गेली? एका स्वस्त इंजेक्शनची गोष्ट

आजचा विषय जरा किळसवाणा आहे, त्यामुळे जेवताना ऐकत असाल तर पॉज करा आणि हात धुऊन या. विषय आहे गिधाड.

या पक्ष्याबद्दल आपण मराठीत कधी चांगलं बोललेलो नाही. जमिनीच्या वाटणीवरून भाऊ भांडले की लगेच "गिधाडासारखे तुटून पडले". जटायूला तेवढे हात जोडतो. इगतपुरी तालुक्यात टाकेदला तो पडला असं मानतात. बाकी गिधाड म्हणजे अपशकुन. आणि हा अपशकुनी पक्षी नाहीसा झाल्यामुळे आपल्या देशात पाच वर्षांत अंदाजे ५ लाख माणसं जास्त मेली! हा आकडा कुठून आला ते सांगतोच, पण आधी थोडं मागे जाऊ.

शाळेत परिसंस्था शिकताना आपण गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार असे बाण काढत गेलो. कोण कोणाला खातं एवढंच त्यात असायचं. मेल्यावर काय होतं, ते शेवटच्या ओळीत "विघटक" म्हणून उरकायचं. भारतात मात्र ही शेवटची ओळ फार मोठी होती. कोट्यवधी गाई-बैल-म्हशी, आणि त्यातल्या बऱ्याचशा म्हातारपणानं मरणाऱ्या. मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं जायचं. कातडं सोललं जायचं, हाडं नंतर कोणी गोळा करून विकायचं, आणि मधलं सगळं गिधाडांचं. या साखळीत माणूसही होता, पण हौसेनं नव्हता. ढोर ओढायचं काम जातीनं लादलेलं होतं, आणि १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं बजावलं ते याच व्यवस्थेविरुद्ध. गिधाडाला मात्र यातलं काही माहीत नाही. थवा उतरला की तासाभरात बैलाचा सांगाडा उरायचा. पोटातलं आम्ल इतकं जहाल की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच खलास.

१९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा बहुधा जगातला सर्वात जास्त संख्येनं असलेला मोठा शिकारी पक्षी होता. इतका नेहमीचा, की त्याची मोजदाद करावी असं फार कुणाला वाटलं नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश याला अपवाद. त्यांनी राजस्थानात भरतपूरला गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. १९९०च्या दशकात ते पुन्हा मोजायला गेले, तर घरटी ओस, झाडाखाली मेलेले पक्षी, आणि जिवंत होते ते मान खाली टाकून बसलेले. दिवसेंदिवस तसेच, मग धप्पकन खाली. जुनी मोजणी हाताशी होती म्हणून काहीतरी भयंकर घडतंय हे आकड्यांत दाखवता आलं.

खायला नाही म्हणून मेले म्हणावं, तर ढोरं पडलेलीच होती. विषाणू असेल असं बऱ्याच जणांना वाटलं, आणि शोध त्याच दिशेनं चालू राहिला. उत्तर मिळालं पाकिस्तानात. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यकाच्या टीमनं मेलेली गिधाडं उघडून पाहिली. बहुतेकांच्या काळजा-यकृतावर युरिक अॅसिडचा पांढरा थर, म्हणजे मूत्रपिंडं निकामी. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला: इथे गुरांना औषधं कोणती देतात? जनावरांच्या डॉक्टरांकडे, दुकानांत चौकशी केली आणि एका नावापाशी येऊन थांबले. डायक्लोफेनॅक. हो, तेच, तुमच्या आजोबांच्या गुडघेदुखीच्या गोळीतलं! मूत्रपिंडं बिघडलेले २५ पक्षी तपासले, २५ही पक्ष्यांत ते सापडलं. दुसऱ्या कारणानं मेलेल्या १३ पक्ष्यांत एकातही नाही. २००४ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं.

यात व्हिलन कोणी नाही, आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. पेटंट संपलं, औषध स्वस्त झालं, लंगडणाऱ्या बैलाला शेतकऱ्यानं इंजेक्शन द्यायला लावलं. त्यात वाईट काय केलं? बैल तरीही मेला तर औषध अंगात राहिलं, एवढंच.

आता गणित बघा. सगळी ढोरं विषारी असायची गरजच नव्हती. शंभरात एकसुद्धा लागत नाही, त्याहून कमी पुरतं. कारण एका ढोरावर अख्खा थवा जेवतो. त्यात गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं जातात. एका जेवणात मेलेले भरून निघायला कित्येक वर्षं हवीत. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली.

जागा मात्र रिकामी राहिली नाही. ढोरांवर भटकी कुत्री आली, आणि ती गिधाडाइतकी सफाई करत नाहीत. कुत्री वाढली की रेबीज आला. कुजणारं मांस पाण्यात उतरलं. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला अंत्यविधीसाठी सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. एका धर्माची शेकडो वर्षांची रीत एका पक्ष्यावर उभी होती, हे तेव्हा बाकीच्यांच्या लक्षात आलं. २०२४ साली एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, जिथे पूर्वी गिधाडं भरपूर असायची ते जिल्हे आणि जिथे फारशी नव्हती ते जिल्हे, यांच्या मृत्युदरांची तुलना केली. पहिल्या गटात मृत्यू चार टक्क्यांहून जास्त वाढले होते. सुरुवातीचा ५ लाखांचा अंदाज तिथला, २००० ते २००५ या वर्षांसाठीचा.

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचू लागल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटलीचं माप ३ मिलीवर आणलं. तोवर दुसरी औषधं बाजारात रुळलेली. त्यातलं अॅसिक्लोफेनॅक तर गाईच्या पोटात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनतं! ते आणि किटोप्रोफेन २०२३ मध्ये बंद झालं, निमेसुलाइड २०२४च्या अगदी शेवटी. म्हणजे पहिल्या बंदीनंतर अठरा वर्षं.

त्याच २०२४ साली हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून काही गिधाडं आपल्या पेंच आणि ताडोबात आणली गेली. ती जगणार की नाही हे जंगलापेक्षा आजूबाजूच्या गोठ्यांवर ठरणार आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी गुरं असतील तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा. गुराचं दुखणं त्यानंही थांबतं, गिधाडाला ते बाधत नाही, आणि मिळतंही सहज.