संगणक प्रशिक्षण, पातळीनुसार

शिकणाऱ्याला आधीपासून काय येते ते पाहून संगणक शिकवण्याची रीत ठरवणे. नवशिके, मध्यम, तरबेज अशी एकच शिडी धरून वर्ग पाडण्याचा प्रघात आहे. पण एकाच माणसाची पातळी कामागणिक बदलते. मुंबईत अँटॉप हिलला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत, दाटीवाटीचे संगमनगर आणि वडाळ्याच्या अंगाला विद्यालंकार अभियांत्रिकी महाविद्यालय एकाच टापूत आहेत. अशा ठिकाणच्या क्लासात टंकलेखनात मुरलेला कारकून आणि मोबाइलवर भराभर अंगठा चालवणारी मुलगी शेजारी बसतात, तेव्हा नवशिके कोणाला म्हणायचे? मराठी टंकनात ही अडचण उघडी पडते. ‘कि’ हे अक्षर टंकयंत्राच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीत दिसते तसे उमटवतात: आधी वेलांटी, मग क, म्हणजे कळफलकावर एफ, मग डी. नव्या इनस्क्रिप्ट मांडणीत उच्चाराप्रमाणे आधी क: के, मग एफ. वेलांटीची कळ तीच, पण क्रम उलटा आणि क दुसऱ्या हाताला. मुरलेली बोटे इथे हमखास चुकतात. कारकुनाला माऊस धरण्यापासून धडे देणे व्यर्थ. जुना आणि नवा क्रम समोरासमोर ठेवून गिरवून घ्यावा लागतो. मुलीजवळ मोडावी लागेल अशी सवयच नाही, पण फाइल कुठल्या फोल्डरात ठेवली हे फोनने तिला क्वचितच विचारलेले असते; तिथे तिला बोट धरून न्यावे लागते.

संशोधनही याच बाजूचे आहे. कॅरोल आणि कॅरिथर्स यांनी १९८४ मध्ये वर्ड प्रोसेसरमधल्या, नवख्याला गोत्यात आणणाऱ्या सोयी तात्पुरत्या बंद ठेवल्या. शिकणारे लवकर कामाला लागले, चुका निस्तरण्यात वेळ कमी गेला. काल्युगा, स्वेलर आदींनी २००३ मध्ये मांडले की नवख्याला तारणारे पायरीपायरीचे मार्गदर्शन जाणत्याला अडसर ठरते. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत सुगत मित्र यांनी भिंतीत बसवलेला संगणक मुले शिक्षकाविना चालवू लागली, हा दाखला पातळीनुसार शिकवण्याविरुद्ध दिला जातो. चाचपडून जमण्यासारखे त्यांना जमले, हे खरेच. कार्यालयीन पत्राचा ठरीव नमुना मात्र चाचपडून सापडत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या (एमकेसीएल) एमएस-सीआयटीसारख्या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचे बळ एकसारखेपणात आहे. नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र सर्वत्र सारख्याच मोलाचे हवे. मान्य, पण त्यासाठी परीक्षा सारखी असली की पुरे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक मराठी अर्ज टंकून, साठवून, पुन्हा उघडून छापायला सांगावा आणि हात जिथे थांबेल तिथून शिकवावे. पुढच्या कामाला हीच पाहणी नव्याने करावी, कारण टंकनात अडलेला माणूस हिशेबाच्या तक्त्यात सगळ्यांच्या पुढे असू शकतो.